फायनलच्या आठवड्यात अण्णा वाचले

९ एप्रिल

ताई,

काल दुपारी पोचलो. खोलीचं कुलूप गंजलं होतं, खालच्या टायरवाल्याकडून तेल आणून उघडलं. पत्रच लिहितोय, कारण फोन दुकानात आहे आणि दुकानात अण्णा असतील. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली असली तरी माझी गाडी सुटली आणि ते कात्रीला तेल द्यायला जाऊन बसले असणार. पैज लावतो.

आज क्लबवर गेलो. फाटकातून आत शिरलो तर माळी हातातला पाईप टाकून धावत आला, मिठीच मारली. "जिंकलो रे!" मग त्याच्या लक्षात आलं, आपण हे कोणाला सांगतोय. मग चेहरा पाडून, "वडील कसे आहेत?" दिवसभर असंच चाललं. आधी "जिंकलो", मग "वडील?" मी म्हणतो, "बरे आहेत आता." ते म्हटलं की पुढे काय बोलावं हे कोणाला सुचत नाही. अण्णांचं काही बरंवाईट झालं असतं तर लोकांना बोलायला सोपं गेलं असतं. हे लिहू नये, पण तुला नाही लिहिणार तर कोणाला?

कपडे बदलायच्या खोलीत भला मोठा फोटो लावलाय. मधे कप, आणि कपाला चिकटून लंबू. लंबू म्हणजे माझ्या जागी खेळला तो. मोसमभर राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून शेंगा खायचा. फायनलला मात्र मन लावून खेळला, सगळे सांगतात. मी त्याला शाबासकी दिली. तो इतका लाजला, जणू माझं काही ढापताना पकडला गेलाय.

तुला एक सांगायचं राहिलं. फायनलच्या दुपारी तू हॉस्पिटलातून औषधं आणायला खाली गेली होतीस ना, गोल तेव्हाच झाला. कोपऱ्यातल्या खाटेवरच्या माणसाकडे रेडिओ होता. अख्खा वॉर्ड ओरडला. पायाला प्लास्टर घातलेला म्हातारा खाट बडवत होता, नर्स हसत होती, कोणाला तरी ठसका लागला. माझ्या हातात अण्णांचा पाण्याचा पेला होता. अण्णांनी भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाले, "त्याला आवाज कमी करायला सांग." मी सांगितलं. तो बिचारा म्हणाला, "का हो, तुम्ही दुसऱ्या टीमचे का?"

मी ठीक आहे. उगाच काळजी करू नकोस. अण्णांचं जेवण कसं आहे ते कळव.

बारक्या


१७ एप्रिल

बारक्या,

पैज जिंकलास. तुला सोडून मी परत आले तर अण्णा दुकानात. केस कापत नाहीत अजून, नुसते भिंतीकडच्या खुर्चीत बसतात आणि कारागीर कापतो त्यावर लक्ष ठेवतात. तो बिचारा घामाघूम. मागून कोणी बघत असलं की त्याचा हात चालत नाही म्हणतो.

दुकानातला रेडिओ अण्णांनी माळ्यावर टाकलाय. गिऱ्हाईकं पहिले काही दिवस फायनलचं काढायची. काय होतं, खुर्चीत बसलेल्या माणसाला बोलल्याशिवाय राहवत नाही. पोस्टमन म्हणाला, "सेमीफायनलला गोल तुमच्या मुलाने मारला, आणि कप घेऊन मिरवलं भलत्यानेच." अण्णांनी त्याच्या गळ्याभोवतीचं फडकं काढून झटकलं आणि म्हणाले, "झालं तुमचं." त्याचे एका बाजूचे केस कापायचे राहिले होते. कारागिराने त्याला मागच्या दाराने आत घेऊन उरलेले कापले.

जेवतात थोडंफार. कमी बोलतात. डॉक्टरांकडे तपासायला नेलं तेव्हा मात्र तोंड सुटलं. डॉक्टर म्हणाले, "तुमची तब्येत म्हणजे चमत्कार आहे." अण्णा म्हणाले, "चमत्कार दोन दिवस आधी करायचा होता, नाहीतर करायचाच नव्हता." डॉक्टरांना वाटलं, गंमत करताहेत.

माझं बरं चाललंय. फॅक्टरीत सकाळची पाळी लागलीय, म्हणजे अंधारात उठायचं. दिवसभर शर्टांना कॉलर जोडायच्या. हल्ली माणूस समोर आला की मी आधी गळा बघते आणि मग चेहरा.

तुम्हाला मेडल देणार म्हणे. कारागिराने पेपरात वाचलं. अण्णा तेव्हा वस्तरा पुसत होते, पुसतच राहिले. तुला मिळणार ना?

ताई


६ मे

ताई,

नाही मिळणार. फायनलच्या यादीत ज्यांची नावं होती त्यांनाच. सेक्रेटरीने मला केबिनमध्ये बसवून, चहा मागवून सांगितलं. वाईट माणूस नाही तो. म्हणाला, "नियम वरून आलाय, तू समजून घेशील." माझ्याबद्दल सगळ्यांचं हेच मत आहे, की मी समजून घेईन.

परवा समारंभ झाला. मी आणि म्हातारा दुसऱ्या रांगेत, बायकामुलांबरोबर. म्हातारा म्हणजे आमचा मोठा गोलकीपर. सेमीफायनलच्या शेवटच्या मिनिटाला त्याने बॉल अडवला आणि बोट मोडून घेतलं. मोसमभर गोल सांभाळला आणि फायनलला प्रेक्षकांत. त्याचं हे शेवटचं वर्ष, यापुढे खेळणार नाही. बोटाला अजून पट्टी आहे. एकेकाचं नाव पुकारायला लागले तसा मला म्हणतो, "मला टाळ्या वाजवता येत नाहीत, माझ्या वाटच्या तूच वाजव." मी दोघांच्या वाजवल्या. हात दुखले. मग पाहुणे बोलायला उठले, म्हणाले, या अकरा वीरांनी इतिहास घडवला. म्हातारा माझ्या कानात म्हणाला, "आपण भूगोलात आहोत."

हसलो, पण घरी येऊन बूटसुद्धा न काढता पडून राहिलो.

दुसरं म्हणजे, पुढच्या मोसमात मी नाही. कोच म्हणाला, लंबूवर आता लोकांचं लक्ष आहे, त्यालाच पुढे आणायचं. लंबू वाईट नाही. पण तो माझ्यापेक्षा चांगला नाही, ताई, आणि हे कोचलाही माहीत आहे. एक दुपार. एका दुपारी तो होता आणि मी नव्हतो, एवढाच फरक. सेमीफायनलनंतर हाच कोच मला खांद्यावर घेऊन नाचला होता.

एक विचारू? फोन करायला तुला एक रात्र थांबता आलं नसतं का? मी सकाळी वॉर्डच्या दारात बॅग घेऊन उभा राहिलो तेव्हा अण्णा उशीला टेकून चहा मागत होते. परत निघालो असतो तरी मॅच संपल्यावर पोचलो असतो. डॉक्टर काहीही म्हणतात, त्यांचं कामच आहे ते. तू जरा धीर धरायला हवा होतास. तुला प्रत्येक गोष्टीची घाई.

हे पान फाडून टाकणार होतो. पण नको, मनात आहे ते असू दे कागदावर. खूप थकलोय. सरावाला जातो, पळतो, परत येतो. कशासाठी, ते कळत नाही.

बारक्या


११ मे

बारक्या,

तुझं पत्र फॅक्टरीच्या फाटकावर उघडलं आणि मग दिवसभर कॉलर उलट्या जोडल्या. सुपरवायझर बाईंनी गठ्ठा परत माझ्या टेबलावर आणून ठेवला. एक शब्द बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

घाई म्हणतोस. डॉक्टरांनी मला बाहेर कॉरिडॉरमध्ये नेलं, तिथे फरशी पुसणं चाललं होतं. दोघंही ओल्या फरशीवर उभे. म्हणाले, "ज्याला बोलवायचं असेल त्याला आज बोलवा." मी विचारलं, उद्या चालेल का? तुझ्यासाठीच विचारलं. ते म्हणाले, "उद्याचं मी सांगू शकत नाही." आता सांग, यात धीर कुठे धरायचा होता?

पुढचं तुला सांगणार नव्हते. त्याआधी, बोलता येत होतं तेव्हा, अण्णांनी मला जवळ बोलावून बजावलं होतं, "त्याला कळवायचं नाही. फायनल होऊ दे. मेलो तर नंतर कळव." मी हो म्हणाले. आणि बाहेर येऊन तुला फोन केला.

तू दारात उभा राहिलास तेव्हापासून अण्णा माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत. तू एप्रिलच्या पत्रात "जेवण कसं आहे" विचारलंस, मी "कमी बोलतात" लिहिलं. कमी म्हणजे माझ्याशी मुळीच नाही. मी समोर उभी असते आणि ते कारागिराला म्हणतात, "तिला सांग, चहा नको." तो बिचारा मला म्हणतो, "चहा नको म्हणाले." मी म्हणते, "ऐकू आलं." घरी कारागीर नसतो, तेव्हा ताट सरकवतात नाहीतर ओढून घेतात, त्यावरून ओळखायचं.

सोयीचं आहे तुम्हा दोघांना. रागवायला माणूस एकच, आणि तो घरातलाच.

पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा फोन करीन. तुझी फायनल असो नाहीतर तुझं लग्न असो. आईच्या वेळी मी एकटीच होते, तू मॅचला गेला होतास, तेव्हा काही बोलले नाही. या वेळी मला ते एकटीने बघायचं नव्हतं. हे तू विचारलं नाहीस, म्हणून सांगितलं.

दमलेय मीही. धीर द्यायचा तर आधी कोणी कोणाला द्यायचा?

ताई


२० मे

ती. अण्णा,

नमस्कार. हे पत्र मुद्दाम दुकानाच्या पत्त्यावर पाठवतोय. मी लिहिलंय हे ताईला माहीत नाही.

तुम्ही ताईशी बोलत नाही असं कळलं. तिने तक्रार म्हणून नाही सांगितलं, मी तिला नको ते लिहिलं म्हणून तिच्या तोंडून निघालं. मीही तिच्यावरच राग काढला. तेव्हा या बाबतीत आपण बापलेक सारखेच.

अण्णा, मला कोणी ओढून आणलं नव्हतं. फोन आला तेव्हा कोच शेजारीच होता. म्हणाला, "निर्णय तुझा. राहिलास तरी कोणी नाव ठेवणार नाही." तोवर मी बूट पिशवीत कोंबायला लागलो होतो, चिखलासकट. मी विचार केलाच नाही. केला असता तर कदाचित राहिलो असतो, आणि मग जन्मभर तुम्हाला तोंड कसं दाखवलं असतं, कोणास ठाऊक.

खरं सांगायचं तर त्या वॉर्डात मला तुमचा राग आला होता. तुम्ही चहा मागत होता त्याचा. माणसाला असाही राग येतो हे मला माहीत नव्हतं. तो अजून सगळा गेलेला नाही, पण आता तो तुमच्यावर नाही. कोणावरच नाही. नुसता आहे, मुका मार बसल्यासारखा, उठताबसता लागतो.

मला क्लबने सोडलंय. हे तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगतो. दुसरीकडे बघतोय, मिळेल कुठेतरी.

ताईशी बोला. तिने नाही, तर कोणी फोन करायचा होता?

तुमचा,
बारक्या


२ जून

चि. बारक्यास आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा खुर्चीत गिऱ्हाईक होतं, अर्धी दाढी झालेली. त्याला तसाच ठेवून वाचलं. साबण वाळला त्याचा. मी आता पुन्हा कामाला लागलोय हे यावरून तुला कळेल. लिहायची सवय नाही, अक्षर समजून घे.

मी म्हणालो होतो त्याला कळवू नको, हे खरं. ताईने ते तुला सांगितलंच असेल. पण तिने तुला अर्धंच सांगितलंय, पुढचं ती कधी सांगणार नाही.

त्या संध्याकाळी श्वास येईना. छातीवर कोणी बसल्यासारखं. तेव्हा मी तिचं मनगट धरून विचारलं, त्याची गाडी किती वाजता पोचते. म्हणजे बघ. मीच नाही म्हणालो होतो, आणि तिने माझं ऐकलं नसेल याच आशेवर पडून होतो. ती म्हणाली, निघालाय. मग थोड्या थोड्या वेळाने मी तेच विचारत राहिलो. रडलो. मला मरायचं नाही असं म्हणालो. ती तोंड पुसत होती माझं, ती लहान असताना आम्ही तिचं पुसायचो तसं.

सकाळी उतार पडला. डोकं ठिकाणावर आलं आणि तू दारात. मला पहिल्यांदा काय वाटलं असेल? आनंद नाही वाटला. वाटलं, पोराची फायनल बुडवली आणि मेलोही नाही. आणि हिने मला तसं पाहिलं. मी आयुष्यभर दुकानात मोठ्या गप्पा मारल्या, की आपण जायचं तर ताठ जायचं, कोणाला त्रास नाही. ना ताठ, ना गेलो.

तिच्यावर राग नाही रे. तिच्याशी बोलायला तोंड उघडलं की ती रात्र आठवते. मग वाटतं, तिलाही तेच आठवत असेल. एक दिवस बोललो नाही, दुसऱ्या दिवशी अवघड झालं, मग तशीच सवय पडली. केस कापताना एका बाजूला जास्त गेले की मग दुसऱ्या बाजूला, मग पुन्हा पहिल्या, तसं होत जातं.

तू आलास ते बरं केलंस असं म्हणायची माझी हिंमत नाही. तुझं नुकसान झालं, ते भरून निघण्यासारखं नाही, हे मला कळतं. मॅचमधलं सगळं कळतं मला, एवढं न कळायला काय झालं?

बोलेन तिच्याशी. कसं सुरू करायचं ते बघतो.

अण्णा


३ सप्टेंबर

ताई,

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मे महिन्यात जे लिहिलं त्याबद्दल नुसतं "माफ कर" लिहिणं मला जमत नाहीये, फार तोकडं वाटतं. पण दुसरं काही सुचत नाही, तेव्हा तेच समज.

नव्या जागी बस्तान बसलं. क्लब खालच्या लीगमधला, एका सिमेंट कारखान्याचा. जर्सी झटकली की धूळ उडते. कपडे बदलायला पत्र्याची शेड, कपडे अडकवायला खिळे, तेही दोघांत एक. मैदान एका बाजूला उतरतं, त्यामुळे अर्धा वेळ आपण चढावर खेळतो आणि अर्धा वेळ ते. बहुतेक वेळा हरतो. परवा बरोबरी झाली तेव्हा कारखान्याच्या मॅनेजरने वडेवाल्याला बोलावलं असतं, पण मॅनेजरच आधी घरी निघून गेला होता, हरणार असं धरून.

म्हाताऱ्यालाही मी इकडे ओढलंय, गोलकीपरना शिकवायला. बोट वाकडंच राहिलं त्याचं. नव्या पोरांना दाखवतो, "बॉल असा अडवायचा नाही."

लोक कधी विचारतात, तुम्ही त्या चॅम्पियन टीममध्ये होता ना? मी म्हणतो, होतो. ते म्हणतात, मग फायनल कशी झाली? मी म्हणतो, छान झाली. पुढचं सांगायचा कंटाळा येतो. सांगायला लागलो की ऐकणारा हळहळतो आणि मग मलाच त्याची समजूत काढावी लागते.

महिनाअखेरीला आमची मॅच तुमच्यापासून जरा जवळच्या गावात आहे, बसने अर्ध्या दिवसाचा प्रवास. अण्णांना झेपेल का? झेपत नसेल तर राहू दे. बोलतात का तुझ्याशी?

बारक्या


२९ सप्टेंबर

बारक्या,

काल तुमच्या गाडीत चढायची घाई होती, म्हणून नीट बोलणं झालं नाही. तू बारीक झालायस. हरलात त्याचं वाईट वाटलं, पण तू चांगला खेळलास, आणि हे मी नाही म्हणत, अण्णा म्हणाले. तुझ्यासमोर मात्र तुझ्या पासिंगच्या चुका काढत बसले.

बोलतात का, विचारलं होतंस. जूनमध्ये एक दिवस जेवताना एकदम म्हणाले, "मीठ कमी आहे." मी इकडेतिकडे बघितलं, कारागीर आलाय का म्हणून. कोणी नव्हतं. मी मीठ दिलं. त्या दिवशी तेवढंच. दुसऱ्या दिवशी "मीठ बरोबर आहे." असं करत करत आम्ही भाजी, पाणी, लाईट बिल इथपर्यंत आलो होतो. त्या रात्रीबद्दल ते काही बोललेले नाहीत आणि मीही काढत नाही. काही गोष्टी दोघांना माहीत आहेत एवढं पुरतं.

पण काल परतीच्या बसमध्ये त्यांना काय झालं कोणास ठाऊक. मॅच बघून अंगात आल्यासारखं झालं. बसल्या जागेवरून बोलायला सुरुवात. तुमचा डावा बॅक झोपलेला असतो, रेफ्री आंधळा, तिथलंही मैदान उतरतं, तर टॉस जिंकून उतार आधी का घेतला. मी हूं हूं करत होते. मग पलीकडच्या सीटवरच्या माणसाने विचारलं, "तुमचं कोणी खेळतं का?" झालं. अण्णा पार त्याच्याकडे वळले. माझा मुलगा, मिडफिल्डला, चॅम्पियन टीममध्ये होता.

तो माणूस म्हणाला, "अरे वा! म्हणजे फायनल खेळला?"

मी खिडकीबाहेर बघायला लागले. आता हे गप्प होणार आणि पुन्हा मीठ-पाण्यापासून सुरू करावं लागणार, असं वाटलं.

अण्णा म्हणाले, "नाही. मी आजारी पडलो होतो. मुलीने फोन केला, म्हणून तो मला बघायला आला."

अख्ख्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात. तुला माहीत आहे त्यांचा आवाज.

तो माणूस हळहळला, "अरेरे. काय नशीब बघा बिचाऱ्याचं."

"नशीब कसलं?" अण्णा चिडलेच. "बाप आजारी पडल्यावर मुलगा येणार नाही तर कोण येणार, कोच?"

थोड्या वेळाने अण्णा जरा खालच्या आवाजात त्याला म्हणाले, "खेळला असता तर दोन गोल मारले असते त्याने." हे काही खरं नाही, बारक्या, तू मिडफिल्डला दोन गोल कुठून मारणार? पण मी दुरुस्त केलं नाही.

पुढचं मला माहीत नाही, कारण खिडकीला डोकं टेकलं आणि मला झोप लागली. इतकी गाढ झोप मार्चपासून लागली नव्हती. स्टँड आला तेव्हा अण्णांनीच उठवलं. माझी पिशवी त्यांनी आधीच खांद्याला अडकवली होती, डॉक्टरांनी ओझं उचलायला मनाई केलीय तरी.

म्हणाले, "चल. उद्या तुझी सकाळची पाळी आहे."

ताई